जुनीचा दम आणि नवीची चढण

यवतमाळच्या आमच्या शोरूममध्ये जीप बघायला आलेला माणूस आधी दार उघडतो आणि धाडकन लावतो. दाराचा आवाज ऐकतो. मग सीटवर बसतो, स्टिअरिंग चाचपतो, एसीचं बटण दाबून तोंडावर हवा घेतो. सगळं मनासारखं असलं तरी चेहरा आंबट करून विचारतो, "हे ठीक आहे हो, पण जुनीचा दम आहे का हिच्यात?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याचाच मला पगार मिळतो.

मी डेमो ड्रायव्हर आहे. सेल्समन तोंडानं गाडी विकतो. त्याचं तोंड जिथं थांबतं तिथं किल्ली माझ्या हातात येते. गिऱ्हाइकाला बाजूला बसवायचं, गाडी त्याच्या ओळखीच्या वाटेवर घालायची, मग ती शेताची पांदण असो, नाला असो की मुरमाची खाण, आणि त्याच्या मनात जी शंका असेल ती त्याच्या डोळ्यांदेखत फेडायची. बोलायचं कमी. घाबरलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही आणि खूश झालेल्याला काही सांगावं लागत नाही.

नवीन गिऱ्हाईक हमखास इकडंतिकडं बघत विचारतं, "डायवर कुठी आहे?" मी म्हणते, "बसा तुम्ही, येतोच आहे." आणि मीच वळसा घालून ड्रायव्हरच्या जागी बसते. पहिल्या वळणापर्यंत ते दाराचा दांडा घट्ट धरून असतात. दुसऱ्या वळणानंतर सोडतात.

मी या कामात आले ती जुन्या जीपमुळं. आमचे हे, प्रल्हादराव, आर्णीहून आसपासच्या खेड्यांवर सवारी मारायचे. गाडी पहिल्या पिढीची. कापडी टप, खाली स्प्रिंगांच्या जागी लोखंडी पाटे, मागं समोरासमोर दोन बाकं. चार चाकांना जोर द्यायचा असला की आधी चिखलात उतरावं लागे, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या टोप्या हातानं फिरवाव्या लागत, मग वर येऊन दुसरा दांडा ओढावा लागे. पावसाळ्यात ह्यांची धोतरं कधी पांढरी दिसलीच नाहीत, म्हणून शेवटी त्यांनी खाकी पँट धरली. पण गाडी मरत नसे. डिझेलची टाकी गळाली तर अंगाचा साबण भिजवून भोकावर चोळायचा आणि पुढं निघायचं. पंख्याचा पट्टा तुटला तर सुतळी. तीन भावांच्या भांडणात सापडलेल्या म्हाताऱ्या आईसारखी ती गाडी सगळं सोसून उभी असायची.

सोसलं ते ह्यांच्या कमरेनंही. पाट्यांचा प्रत्येक दणका मणक्यात जायचा. एका पोळ्याला हे गाडीतून उतरले ते सरळ उभेच राहिले नाहीत. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मी आधीपासून अंगणात गाडी मागंपुढं करायची, तेवढ्या भांडवलावर रस्त्यावर आले. सुरुवातीला बाया बसायच्या, पुरुष पुढच्या गाडीची वाट बघायचे. कापसाचा हंगाम लागला, घाई झाली, मग पुरुषही बसले.

पुढं एसटीच्या फेऱ्या वाढल्या, घरोघरी मोटरसायकली आल्या आणि सवारीचा धंदा आटला. शोरूमच्या शेठना जुनी जीप अंगावर वागवलेलं माणूस हवं होतं. ते म्हणाले, "गिऱ्हाईक सगळं जुनीशी ताडून पाहतं. तुम्हाला जुनी माहीत आहे, एवढं पुरे."

म्हणून कंपनीनं नव्यानं आखलेली पहिली गाडी आमच्याकडं आली, तेव्हा सगळ्यांत आधी मी तिच्याभोवती फिरले. समोरची जाळी तीच, गोल दिवे तेच, चौकोनी छाती तीच. आतलं मात्र सगळं बदललेलं. पक्कं छप्पर, मऊ सीट, समोर टीव्हीसारखा पडदा. पाटे गेले होते, गोल स्प्रिंगा आल्या होत्या. मी रस्त्यावर काढली आणि पहिल्याच गतिरोधकावर मला आमच्या ह्यांची आठवण झाली. दणका बसलाच नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. ही गाडी वीस वर्षं आधी यायला काय झालं होतं?

पण माझं डोळ्यातलं पाणी गिऱ्हाइकाच्या काय कामाचं? त्याला दम पाहायचा असतो.

एक गिऱ्हाईक दारव्ह्याकडचं. त्यानं अट घातली, की घरातल्या म्हाताऱ्या आत्याला मागं बसवून शेतापर्यंत न्यायचं, तिनं 'हो' म्हटलं तर गाडी घ्यायची. आत्याबाई नऊवारी सावरत मागं बसल्या. मी जपून, अंडी वाहावीत तशी गाडी नेली. उतरल्यावर त्यांना विचारलं, "कशी वाटली?"

"वाईट," त्या म्हणाल्या.

गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. "काहून, आत्या? लागलं का कुठी?"

"लागलं काई नाई. पाळण्यात बसल्यावानी वाटलं. पन बोलाव कोनाशी? जुन्या जीपीत समोरासमोर बसत होतो. यवतमाळ येईस्तोर दोन लग्नं जुळवून टाकत होतो आमी. इथं समोरच्याची टाळू पाहात बसा."

गाडी घेतली त्यांनी, पण आत्याबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. नवी गाडी चांगली का वाईट, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ही एक गोष्ट अजून सांगते, की गप्पांच्या बाबतीत जुनीला तोड नाही.

खरी फजिती झाली आर्णीला.

शेठनी ठरवलं, की जुन्या जीपवाल्यांना बोलवायचं आणि एका शेतकऱ्याच्या वावरात नवी चालवून दाखवायची. सोयाबीन निघालेलं होतं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. आमच्या काळ्या मातीचा पाऊस पडून गेल्यावरचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. ही माती चाकाला चिकटते, एकावर एक थर चढत जातात, आणि थोड्या वेळानं चाकाच्या जागी मोठा गुळगुळीत लाडू फिरत असतो. त्यात शोरूमनं गाडी चांगली दिसावी म्हणून रुंद, चकचकीत, डांबरी रस्त्याचे टायर घातले होते. मी म्हटलं होतं, की हे टायर वावरात चालणार नाहीत. पण उद्घाटनाचा हार गाडीला घालून झाला होता आणि माणसं जमली होती.

वावराच्या मधोमध गाडी बसली. पुढं नाही, मागं नाही. चारही चाकं फिरत होती आणि चिखल पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टांवर उडत होता. शेवटी शेतकऱ्यानं बैलजोडी आणली. दोराला बांधून बैलांनी हार घातलेली कोरी गाडी धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, ओढत आणली. दोघं-चौघं मोबाईल धरून उभे होतेच. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या जिल्ह्याच्या मोबाईलवर गेला. मला माझ्या बहिणीनं पाठवला. खाली लिहिलं होतं, 'दोन बैलांच्या ताकदीची नवीन जीप.'

शेठनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "वनिताताई, आता डेमो डांबरी रस्त्यावरच. अजून एक असा व्हिडिओ निघाला तर मला हे डेमोचं कामच बंद करावं लागेल. तुम्हाला काउंटरवर बसवीन, नोकरी जाणार नाही."

नोकरी जाणार नव्हती. स्टिअरिंग जाणार होतं. मला ते नोकरीहून जड होतं.

मी तडक पुसदला गेले. युसूफभाईंकडं.

युसूफभाई म्हणजे जुन्या जीपांचे मिस्त्री. पुसदच्या बाजारापलीकडं त्यांचं गॅरेज आहे. पुसद, उमरखेड, महागाव, कुठलीही जुनी जीप आजारी पडली की त्यांच्या दारात येते. आमच्या ह्यांचे ते दोस्त, म्हणून मला भाभी म्हणतात. नव्या गाडीला ते 'डब्बा' म्हणत. आणि पुसदकडच्या लोकांनी जीप घ्यायची तर आधी युसूफभाईंना विचारायचं, हा तिकडचा अलिखित कायदा. त्यांनी 'डब्बा' म्हटलं, की तिकडं आमची गाडी खपत नसे.

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. हात पुसत बाहेर आले, माझ्या गाडीच्या टायरवर पायानं ठोकलं आणि म्हणाले, "भाभी, गाडीले शिव्या नका देऊ. तुमी तिले लग्नातल्या चपला घालून चिखलात पाठवलं. तिचा काय कसूर?"

"मग कोणते घालू?"

"अरुंद, मोठ्या खाचेचे. काळ्या मातीवर तरंगाचं नसते, कापून खाली टणक जमिनीपर्यंत जाचं असते. जुनी जाते ती त्याच्यानं."

त्यांनी स्वतःच्या ओळखीनं मला तसे टायर मिळवून दिले आणि समोर उभं राहून बसवून घेतले. ओल्या वावरात गाडी घातली तर ती नांगरासारखी सरळ गेली. मी आनंदानं खाली उतरले. युसूफभाईंनी मात्र हात वर केला.

"चिखल झाला. पण दगड? दगडावर बसली की ही डब्बाच. इतक्या वायरी, इतकं कॉम्प्युटर. आमच्या डोंगरात एक वायर तुटली की हिले कोन पाह्यते? मी तं पाहू नाई शकत." टायरच्या खाचेतली माती बोटानं काढत ते म्हणाले, "जुनी गेली, तं मीबी गेलो, भाभी."

त्यांच्या टोमण्यामागं ही भीती होती, ती मला त्या दिवशी कळली.

दगडाची परीक्षा आम्ही ठरवली नाही. ती जमनाबाई घेऊन आल्या.

जमनाबाई आडे म्हणजे पुसद ते उमरखेड रस्त्याच्या बाजूला डोंगरावर जो तांडा आहे, तिथल्या बचतगटाच्या अध्यक्ष. बंजारा बाई, साठीच्या घरातल्या, हातात कोपरापर्यंत बांगड्या. शोरूममध्ये येऊन त्या कोणाकडंही न बघता सरळ नव्या जीपजवळ गेल्या आणि तिच्या बोनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "ही डोंगर चढते म्हणता ना तुमी?"

सेल्समननं गोड आवाजात गाडीचं वर्णन सुरू केलं. त्यांनी त्याला थांबवलं. "मले घ्याची नाई. मले चक्की वर न्याची आहे."

गटानं पिठाची चक्की घेतली होती. चक्की पुसदमध्ये येऊन पडली होती आणि तांड्याचा रस्ता पावसात वाहून गेला होता. वर चक्की नव्हती, म्हणून तांड्यातल्या बाया डोक्यावर ज्वारी-गव्हाचं ओझं घेऊन डोंगर उतरायच्या आणि पीठ घेऊन चढायच्या. गडीमाणसं ऊसतोडीला गेलेली. ट्रॅक्टरवाल्यानं एकदा प्रयत्न केला होता, वळणावर त्याची ट्रॉली कलंडली, तेव्हापासून तो तांड्याचं नाव काढलं तरी हात जोडायचा.

"दिवाळीत पोरीबाळी माहेरी येतीन," जमनाबाई म्हणाल्या. "त्यायच्या डोक्यावरबी दळणच देऊ का?"

मी शेठकडं गेले. ते म्हणाले, "आणि अर्ध्यात अडकली तर?"

मी म्हटलं, "तर उद्यापासून काउंटरवर बसते."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. मग किल्ली दिली.

पुसदला पोचले तर युसूफभाईंची जुनी जीप चक्कीपाशी उभी. जमनाबाई त्यांच्याकडंही गेल्या होत्या. युसूफभाई म्हणाले, "मी लोखंडी सांगाडा आणि मोटर नेतो. तुमी जात्याचे दगड घ्या. अडकलात तं मी मागं ओढून घेईन."

"आणि तुम्ही अडकलात तर?"

"जुनी अडकत नसते, भाभी."

सकाळच्या उन्हात आम्ही निघालो. पुढं ते, मागं मी. माझ्या बाजूला जमनाबाई, मागं त्यांची सून कविता, आणि तिच्या पायांशी जात्याचे दगड.

पहिला नाला दोन्ही गाड्यांनी सारखाच पार केला. युसूफभाई आधी उतरले, चाकाच्या टोप्या फिरवल्या, दांडा ओढला आणि पाणी उडवत पलीकडं गेले. मी बसल्या जागी दांडा टाकला आणि गेले. पलीकडं त्यांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्या मिशीला पाणी लागलं होतं. माझा पदरही भिजला नव्हता. मला मनातून हसू आलं, पण तोंड सरळ ठेवलं.

त्यापुढची चढण सुट्या दगडांची. जुनी जीप उड्या मारत चढत होती. मोटर आणि सांगाडा मागं खणखणत होते. मला तिचा तो आवाज फार आवडला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, युसूफभाई म्हणतात तेच बरोबर. असं चढणं हिलाच जमतं.

मग ती पायरी आली. पावसानं माती धुऊन नेलेली, खाली काळा कातळ उघडा पडलेला, रस्त्याला आडवा आणि तिरका. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार.

युसूफभाईंनी गाडी घातली. पुढचं उजवं चाक वर चढलं. त्याबरोबर पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोन चाकं हलकी होऊन हवेत फिरायला लागली आणि गाडी जागीच थांबली.

इथं थोडं समजावून सांगते. इंजिनचा जोर पाण्यासारखा असतो, जिकडं अडथळा नाही तिकडं वाहतो. एक चाक हवेत गेलं, की सगळा जोर त्या रिकाम्या चाकाकडं जातो आणि जमिनीवरचं चाक हात बांधून उभं राहतं. जुन्या गाडीत त्यावर उपाय एकच. मागं यायचं आणि जोरात पळत येऊन उडी मारायची.

युसूफभाईंनी मागं घेऊन उडी मारली. नाही चढली. पुन्हा मारली. गाडी कातळाला थडकली, मागचं टोक उताराच्या बाजूला सरकलं आणि मोटर एका अंगाला गेली. मी आणि कविता धावलो, चाकांमागं दगड लावले. युसूफभाई स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. कपाळावर घाम होता.

"उतरा," मी म्हटलं. "आता उडी नको. गाडी जाईल ती जाईल, तुम्हीही जाल."

ते उतरले. कातळाकडं बघत राहिले. मग गाडी हळूहळू मागं घेऊन त्यांनी डोंगराच्या बाजूला लावली आणि मला वाट दिली.

मी गाडी कातळासमोर आणली. कविताला उतरायला सांगितलं. जमनाबाईंनाही सांगितलं.

"मी नाई उतरत," त्या म्हणाल्या.

"अहो, घसरली तर?"

"मी उतरली तं तुमी माघारी जासान. मी बसली तं जानार नाई." आणि त्यांनी बांगड्यांचा हात मांडीवर ठेवून समोर बघायला सुरुवात केली.

मी मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधून बरोबर फिरवणारं बटण दाबलं, सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि गाडी घातली. पुढचं उजवं चाक वर गेलं. डावं हवेत उठलं, फिरायला लागलं. जुनीत झालं तेच. खालून कर्र कर्र असा आवाज आला. माझ्या पायानं हुकूम न घेताच ॲक्सिलरेटर सोडायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांची सवय होती ती. चाक फिरलं की पाय काढायचा, मागं यायचं, उडी मारायची.

पण नवीचं गणित वेगळं आहे. फिरणाऱ्या चाकाला ती स्वतःच ब्रेक लावते, त्याला धरून ठेवते आणि जोर जमिनीवरच्या चाकाकडं वळवते. कर्र कर्र आवाज येतो तो त्या ब्रेकचाच. मात्र त्यासाठी पाय सोडायचा नसतो, एकसारखा दाबून धरायचा असतो. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं होतं. पण उजवीकडं उतार दिसत असताना, हवेत फिरणाऱ्या चाकाच्या भरवशावर पाय दाबून बसणं म्हणजे माझ्या अंगातल्या जुन्या ड्रायव्हरला गप्प बसवणं होतं.

मी पाय पुन्हा टेकवला. धरून ठेवला.

एक क्षण काहीच झालं नाही. नुसता आवाज. मग गाडी शहारल्यासारखी हलली, मागच्या दोन्ही चाकांनी कातळ धरला आणि ती वर उठली. उडी नाही, दणका नाही. म्हैस डबक्यातून बाहेर येते तशी, सावकाश, आपल्याच मर्जीनं. समोर आभाळ दिसलं, मग बोनेट खाली आलं आणि तांड्याचं पहिलं घर दिसलं.

जमनाबाईंनी मांडीवरचा हात उचलला. "चढली," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की कातळानं जो दणका दिला नव्हता तो त्यांच्या हातानं दिला.

मी हँडब्रेक लावून उतरले. आणि मग मला हसू फुटलं. खाली कविता टाळ्या वाजवत होती. एवढ्या मोठ्यानं मी आर्णीच्या वावरानंतर पहिल्यांदा हसत होते.

युसूफभाई कातळापाशी वाकून टायरचा ठसा बघत होते. मी दोर घेऊन खाली गेले. त्यांच्यासमोर धरला.

ते दोराकडं बघत म्हणाले, "ओढा. पण कोनी व्हिडिओ काढला ना, तं त्याचा मोबाईल नाल्यात फेकीन."

कोणी काढला नाही. तिथं व्हिडिओ काढेल अशी एकटी कविता होती आणि ती चाकाला दगड लावण्यात गुंतली होती. आमच्या फजितीचा व्हिडिओ अजून फिरतो, आणि हा विजय मात्र कुठंच दिसत नाही. मी पुढून ओढलं, त्यांनी मागून इंजिनचा जोर दिला, आणि जुनी जीप मोटर-सांगाड्यासकट वर आली. एकमेकींना बांधलेल्या दोन गाड्या तांड्यात शिरल्या, तेव्हा म्हाताऱ्या बाया घराबाहेर येऊन उभ्या होत्या.

चक्की बसवली युसूफभाईंनी. सांगाडा, मोटर, पट्टा, जात्याचे दगड, सगळं त्यांच्या हातानं. चक्की सुरू झाली तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा त्यांचा झाला. पहिली ज्वारी जमनाबाईंनी ओतली. गरम पीठ खाली पडायला लागलं, तसं एकेका बाईनं हात पुढं करून ते ओंजळीत घेतलं. कोणी नाकाशी नेलं, कोणी शेजारणीच्या गालाला लावलं. त्याच पिठाच्या भाकरी आणि लाल चटणी आम्ही ओट्यावर बसून खाल्ली.

जेवण झाल्यावर युसूफभाई माझ्या गाडीपाशी गेले. बोनेट उघडायला लावलं. आत प्लॅस्टिकची झाकणं. "इंजिन कुठी आहे?" त्यांनी विचारलं. मी झाकण काढून दाखवलं. ते वाकून वायरींवरून बोट फिरवत राहिले.

"हे शिकवते का कोनी?"

"कंपनीची शाळा असते. मी तिथं बोलून बघते."

"या वयात मले घेतीन?"

"मला घेतलं होतं."

त्यांनी बोनेट खाली टाकलं. हात पुढं केला. मी किल्ली दिली. उतरताना नवी गाडी ते चालवत होते आणि त्यांची जुनी मी. वाटेत त्यांनी काच खाली करून, मागं न बघता, ओरडून सांगितलं, "भाभी, कमरेले काईच कळत नाई हो!"

पुसदमध्ये व्हिडिओपेक्षा युसूफभाईंचं तोंड जास्त चालतं. तिकडच्या गिऱ्हाइकांची शंका त्या हंगामात निम्मी झाली. ते शिकायलाही गेले. पहिल्यांदा लॅपटॉप गाडीला जोडला तेव्हा त्याला त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथं छापण्यासारख्या नाहीत. आता शिव्या तेवढ्याच देतात, पण बिघाडही काढतात. जुन्या जीपाही त्यांच्या दारात उभ्या असतातच. टाकीला चोळायचा साबणाचा तुकडा त्यांनी अजून टाकलेला नाही. साबणानं बरी होणारी गाडी आता कंपनी बनवत नाही आणि ते दुःख त्यांना आहे. मलाही आहे.

आणि माझा निकाल विचाराल तर सांगते. जुनी गाडी माणसाच्या हाडांवर चढायची. नवी स्वतःच्या चाकांवर चढते. जुन्या गाडीनं आपण पोचलो की ती बातमी व्हायची, चार दिवस पारावर पुरायची. नव्या गाडीनं पोचलं की नुसतं पोचलेलं असतं, सांगायला काही उरत नाही. मला गोष्टी आवडतात, तरीही मी नवीच्या बाजूची आहे.

पुढं आसपासच्या तांड्यांच्या गटांनी मिळून एक नवी जीप घेतली. हळद, पीठ, चटण्या उमरखेडच्या बाजाराला न्यायच्या म्हणून. चालवायला कविता. तिला मी शिकवलं. तिच्या पायाला जुनी सवय नव्हती, त्यामुळं मला जे सोडावं लागलं होतं ते तिला सोडावं लागलं नाही. चार दिवसांत ती कातळावर पाय दाबून धरायला शिकली.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला घेऊन मी त्याच डोंगरावर गेले होते. उतरताना, अरुंद वळणावर, समोरून जीप आली. कविता. मागं बाजारातून भरून आणलेली पोती, बाजूला जमनाबाई. वाट एकाच गाडीपुरती होती. माझं गिऱ्हाईक घाईचं होतं. म्हणालं, "हॉर्न मारा ना ताई. तिले मागं घ्याले सांगा."

घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. भरलेल्या गाडीला तर द्यायचीच. मी गिअर टाकला आणि गाडी मागं घ्यायला लागले, वळणापर्यंत, डोंगराला टेकेपर्यंत. कविता शेजारून गेली, काच खाली होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे पुढच्या कातळावर होते, जसे असायला हवे तसे.